सुरतेची वाट, शिवेपासून शिवेपर्यंत

सतराव्या शतकाच्या सातव्या दशकात थेव्हनो नावाचा फ्रेंच प्रवासी सुरतेहून औरंगाबादला गेला. वाटेतल्या मुक्कामांची नावं त्याने आपल्या कानाला ऐकू आली तशी लिहून ठेवली आहेत. बारडोली, व्यारा, नवापूर, पिंपळनेर ही ओळखू येतात. पुढची नावं जरा थांबून वाचावी लागतात: ताराबात, सेताना, ओमराना, आंकीतांकी. म्हणजे आपलं ताहाराबाद, सटाणा, उमराणे आणि मनमाडजवळचे अंकाई-टंकाई. शेलबारीचा घाट उतरून ताहाराबादेत यायचं, आरम नदीकाठी सटाण्याला टेकायचं, आणि उमराण्यावरून चांदवडच्या डोंगररांगेतली अंकाईची खिंड गाठायची. आज पिंपळनेरहून सटाण्याला येणारी एसटी यातला बराचसा भाग त्याच क्रमाने कापते. त्याच काळात टॅव्हर्निये हा दुसरा फ्रेंच माणूस, जवाहिरांचा व्यापारी, सुरत ते गोवळकोंडा या वाटेची यादी देतो. नवापूर, पिंपळनेरपर्यंत दोघांचं जमतं. पिंपळनेरनंतर टॅव्हर्निये ताहाराबाद-सटाण्याकडे वळतच नाही. त्याचा पुढचा मुक्काम ‘निंपूर’, म्हणजे बहुधा मोसम नदीकाठचं नामपूर, आणि तिथून तो पूर्वेच्या अंगाने देवगाव-दौलताबादेकडे सरकतो. शहरं तीच, दशकं जवळपास तीच, मधले टप्पे मात्र वेगळे. मोठ्या व्यापारी हमरस्त्यावर असं कसं चालत होतं, हा प्रश्न बागलाणच्या, म्हणजे सटाणा-ताहाराबादच्या या डोंगराळ मुलखाच्या, इतिहासात सहसा कुणी विचारत नाही. आपल्याला किल्ल्यांची सवय झाली आहे. ज्या वाटेसाठी ते किल्ले महत्त्वाचे ठरले, ती मात्र नजरेआड गेली आहे.

हा फरक ठळक दिसावा म्हणून त्याच शतकातल्या जपानकडे बघायला हवं. 1600 च्या लढाईत विजयी झालेल्या तोकुगावा इएयासूने 1601 मध्येच एदो, म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योटो यांच्यामधल्या तोकाइदो या समुद्रकाठच्या रस्त्यावर ठाणी नेमायला सुरुवात केली. प्रत्येक ठाण्याने सरकारी कामासाठी 36 घोडे सज्ज ठेवायचे असा हुकूम निघाला. पुढे हा आकडा 100 घोडे आणि 100 माणसांवर गेला. सुमारे 490 किलोमीटरच्या रस्त्यावर 53 ठाणी, म्हणजे सरासरी नऊ किलोमीटरला एक. डोंगरातून जाणाऱ्या नाकासेंदो या दुसऱ्या रस्त्यावर 69. एका ठाण्याचा घोडा पुढच्या ठाण्यापर्यंतच जायचा, तिथे ओझं उतरवून दुसऱ्या घोड्यावर चढवायचं आणि पहिल्याने परत फिरायचं. या कामाच्या बदल्यात ठाण्याच्या गावाला घरजागांचा सारा माफ. सरदारांना उतरायला एक मान्य वाडा, सामान्यांना खाणावळवजा धर्मशाळा, मालाची नोंद करणारी कचेरी, आणि साधारण चार किलोमीटरला एक, अशी झाडं लावलेली मातीची उंच टेकाडं, अंतर कळावं म्हणून. 1635 मध्ये सरदारांनी एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष एदोत राहायचं हा नियम पक्का झाला, तेव्हा तर शेकडो माणसांचे ताफे दरवर्षी या रस्त्यांवरून जाऊ-येऊ लागले. हाकोने इथल्या नाक्यावर एदोकडे येणाऱ्या बंदुका आणि एदोबाहेर जाणाऱ्या सरदारांच्या बायका यांची झडती व्हायची. सरदारांचं कुटुंब राजधानीत ओलीस होतं, त्याची ही व्यवस्था. थेव्हनो आणि टॅव्हर्निये जर तोकाइदोवरून गेले असते, तर दोघांच्या याद्या शब्दशः सारख्या आल्या असत्या. तिथे टप्पा प्रवासी ठरवत नव्हता, सरकार ठरवत होतं.

यावरून सहज निघणारा निष्कर्ष असा, की जपानकडे रस्ते होते आणि आपल्याकडे पायवाटा. त्यांच्याकडे व्यवस्था होती, आपल्याकडे गोंधळ. हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. लांबचा रस्ता चालायला जी कामं लागतात ती दोन्हीकडे एकच होती. लुटारूंपासून राखण, ओझं वाहणं, रात्रीचा आसरा, वाट दाखवणं, चलन आणि जकात. सुरतेच्या वाटेवर ही सगळी कामं होत होती, नाहीतर ती वाट दीडशे वर्षं चाललीच नसती. जपानने ती सगळी एका गावात एकत्र बांधली आणि त्या गावाला नाव, सवलत आणि कागदपत्रं दिली. आपल्याकडे ती विखुरलेली होती: राखण किल्ल्याकडे आणि डोंगरातल्या नाईकांकडे, वाहतूक तांड्यांकडे, आसरा दानधर्माकडे, आणि सरकारी ओझं गावकुसाबाहेरच्या माणसांकडे. त्यामुळे यातली एकही जागा ‘रस्त्याचं गाव’ म्हणून ओळखू येत नाही, आणि रस्ता गेल्यावर मागे काय उरलं ते दिसत नाही.

राखणीपासून सुरुवात करू, कारण त्याचा पुरावा सगळ्यांत बळकट आहे. बागुल राजांचं बागलाण हे गुजरात आणि दख्खन यांच्या मधोमध बसलेलं छोटं राज्य. शहाजहानच्या दरबारी इतिहासात त्याची मोजदाद नऊ किल्ले, 34 परगणे आणि 1001 गावं अशी दिली आहे. पूर्वेला चांदवड, पश्चिमेला सुरत आणि समुद्र, दक्षिणेला नाशिक-त्र्यंबक. अबुल फजलने ‘ऐने अकबरी’त सुरत आणि नंदुरबारच्या मधल्या या डोंगराळ पण भरवस्तीच्या मुलखाचा उल्लेख करताना मुल्हेर आणि साल्हेर हे किल्ले विलक्षण मजबूत असल्याचं सांगितलं, आणि जाता जाता इथली द्राक्षं आणि डाळिंबं उत्तम असल्याचंही. (सटाण्याच्या बाजार समितीत आज हे वाचून दाखवलं तर कुणाला नवल वाटणार नाही.) पण आपल्या मुद्द्यासाठी सगळ्यांत मोलाचा साक्षीदार आहे विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी. 1610 मध्ये सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाताना त्याने ऐकलेली हकिकत अशी: अकबराने बागलाणच्या प्रतापशहाला सात वर्षं वेढलं, पण वर किल्ल्यावर गवत, धान्य, पाणी मुबलक, आणि वाटा इतक्या अरुंद की दोनच माणसं बरोबरीने चालू शकत. शेवटी बादशहाने तडजोड केली. राजाला काही गावं दिली, आणि राजाने त्याच्या बदल्यात आपल्या मुलखातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांची काळजी घेण्याचं कबूल केलं, नजराणे पाठवण्याचं मान्य केलं, आणि एक मुलगा बऱ्हाणपूरला ओलीस ठेवला.

सात वर्षांचा आकडा ऐकीव असेल. तहाची कलमं मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहेत. मोगल बादशहाला त्या किल्ल्यातून काय हवं होतं? व्यापाऱ्यांची सुखरूप जा-ये. गावांच्या मोबदल्यात रस्त्याची जबाबदारी हा व्यवहार जपानी ठाण्याच्या साऱ्याच्या माफीइतकाच रोखठोक आहे, आणि ओलीस ठेवलेला मुलगा एदोतल्या सरदारांच्या कुटुंबांची आठवण करून देतो. फरक इतकाच, की तिथे हा करार रस्त्यावरच्या गावाशी झाला, इथे डोंगरावरच्या राजाशी. दुसरा पुरावा नाण्यांचा. सुरतेच्या बाजारात इंग्रज वखारवाले ज्या महमुदी नावाच्या चांदीच्या नाण्यांत हिशोब मांडत, साधारण पाच महमुदींना दोन रुपये असा भाव धरत, ती नाणी मुल्हेर-साल्हेरला पाडली जातात असं फिंच नोंदवतो. बंदरापासून इतक्या दूर, डोंगरातल्या टांकसाळीचं नाणं बंदरात चालत होतं. रस्ता वाहता असल्याशिवाय हे होत नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. किल्ले लढायांसाठी बांधले, रस्त्यासाठी नाहीत. आणि बागलाणचा इतिहास म्हणजे वेढ्यांचाच इतिहास. 1638 मध्ये औरंगजेबाने, तेव्हा तो दख्खनचा शहजादा सुभेदार होता, मुल्हेरला वेढा घातला आणि बागुलांचं राज्य संपलं. 1670 च्या ऑक्टोबरमध्ये शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि परतताना ते बागलाणातूनच आले. त्याच महिन्यात वणी-दिंडोरीजवळ मोगल सरदार दाऊदखान कुरेशीशी मोठी लढाई झाली. 1671 च्या सुरुवातीला साल्हेर मराठ्यांकडे आला आणि 1672 मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांविरुद्ध खुल्या मैदानात लढाई जिंकली. हे सगळं खरं आहे, पण ते आक्षेपाच्या विरुद्ध बाजूला पडतं. शहजाद्याला इतक्या आडवळणी डोंगरातलं राज्य का हवं होतं? गुजरातचं बंदर आणि दख्खनची राजधानी यांच्यामधली गाठ तिथे होती म्हणून. सुरतेची लूट घेऊन येणाऱ्या फौजेला बागलाण का लागतं? वाट तिथूनच जाते म्हणून. मुल्हेर ताहाराबादच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर आहे, रस्त्याच्या अगदी कडेला नाही. पण शेलबारीकडून उतरणारा आणि डांगातून वर येणारा अशा दोन्ही मार्गांवर त्याचा वचक बसतो. साल्हेर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, 1567 मीटर, त्याहून पश्चिमेला गुजरातच्या सीमेवर आहे. कोणता किल्ला कुठे आहे हे लढायांच्या तारखांवरून समजत नाही. वाटांच्या नकाशावरून लगेच समजतं.

आता वाहतूक. जपानमध्ये ठाण्याठाण्यावर घोडे बदलायचे, म्हणून ठाणी लागली. दख्खनमध्ये माल बैलाच्या पाठीवरून जायचा, आणि तो बैल बदलायचा नसतो. टॅव्हर्निये सांगतो की धान्य किंवा मीठ वाहणाऱ्या तांड्यांत दहा-बारा हजार बैल एका वेळी दिसत, आणि अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर वाट मोकळी होईपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबून राहावं लागे. या वाहतूकदारांचे, म्हणजे बंजाऱ्यांचे, चार गट त्याने नोंदवले आहेत. प्रत्येकाचा माल ठरलेला, कुणी तांदूळ, कुणी गहू, कुणी डाळी, कुणी मीठ. बायकामुलं, कुत्री, तंबू सगळं बरोबर. याच वाटेवरच्या नवापूरच्या तांदळाची टॅव्हर्नियेने मनापासून तारीफ केली आहे: दाणा नेहमीच्या निम्मा, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा, आणि वास कस्तुरीचा. असा तांदूळ श्रीमंतांच्या ताटात जायचा तो बंजाऱ्यांच्या गोण्यांतून. या तांड्याला खाणावळ नको, तबेला नको, वेशीच्या आतलं अंगणही नको. त्याला हवं पाणी आणि गवत. हजारो बैल गावात उतरवणं गावालाही परवडणारं नव्हतं. तांडा पडायचा नदीच्या पात्रात किंवा गायरानात, आणि ते गायरान एक वर्ष ताहाराबादेचं असेल तर पुढच्या वर्षी, पाऊस कमी झाला तर, नामपूरचं. थेव्हनो आणि टॅव्हर्निये यांचे टप्पे का जुळत नाहीत याचं उत्तर मला इथे दिसतं. दोघे परदेशी पाहुणे ज्या वाटेवरून गेले, ती वाट ठरवणारे खरे लोक बैल हाकत होते, आणि ते गवत बघून चालत होते. रस्ता एकच होता, तो फक्त रुंद होता, पिंपळनेर ते अंकाईच्या मधे कित्येक कोसांचा.

राखणीत आणखी एक घटक होता, ज्याचं नाव प्रवासवर्णनांत क्वचित येतं. सातमाळ्याच्या आणि खानदेशाच्या डोंगरांतल्या भिल्ल नाईकांकडे घाट राखण्याची जबाबदारी आणि त्याबद्दलचे हक्क असत. हक्क बुडाले की राखणदार आणि लुटारू यांतलं अंतर मिटायला वेळ लागत नसे. पेशवाईच्या अखेरच्या गोंधळात नेमकं तेच झालं. 1818 नंतर कंपनी सरकारला पहिलं काम करावं लागलं ते या नाईकांना पुन्हा तनखे बांधून देण्याचं, आणि 1825 मध्ये आउटरम या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली, ज्यांच्यापासून रस्ते वाचवायचे त्यांनाच रस्ते राखायला लावून. बागुल राजाशी अकबराने जो व्यवहार केला, तोच थेट डोंगरातल्या नाईकाशी, दोनशे वर्षांनी.

माल तांडे वाहायचे. सरकारी ओझं कोण वाहायचं? या प्रश्नापाशी आलं की जपानशी तुलना खरी बोचू लागते. मामलेदाराची स्वारी आली, शिबंदी निघाली, एखादा अंमलदार बदलून चालला, कचेरीचा वसूल तालुक्याला पोहोचवायचा झाला, की पाटील वेसकराला हाक मारायचा. महारवाड्यातल्या ज्याची पाळी असेल त्याने गाठोडं डोक्यावर घ्यायचं आणि पुढच्या गावच्या शिवेपर्यंत न्यायचं. शिवेवर पुढच्या गावचा माणूस ते घ्यायचा, पहिला रिकाम्या हाताने परत फिरायचा. रात्री काळोखात मशाल धरून वाट दाखवायची असेल तर तीही याच पद्धतीने, शिवेपासून शिवेपर्यंत. पेरणीचे दिवस असोत की घरात आजारी माणूस असो, नाही म्हणायची सोय नाही, कारण ते वतनाचं काम. मोबदला म्हणून थोडी वतनी जमीन आणि गावकऱ्यांकडून बलुतं, जे देणाऱ्याच्या मर्जीवर. हे देशावर सगळीकडे होतं, बागलाण त्याला अपवाद नाही. नीट पाहिलं तर ही जपानचीच पद्धत आहे. ठराविक अंतरावर ओझं बदलायचं, पुढच्याच्या हवाली करून मागे फिरायचं, आणि रोख मजुरीऐवजी जमिनीची सवलत. ठाण्याच्या जागी गावची शीव, आणि ठाण्यातल्या घोड्याच्या जागी माणूस.

जपानचीही ही बाजू गोड नव्हती, हे सांगायला हवं. ठाण्यांचे घोडे आणि हमाल पुरेनासे झाले तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांवर उत्पन्नाच्या प्रमाणात माणसं आणि जनावरं पुरवण्याची सक्ती आली. ऐन शेतीच्या हंगामात शेतकऱ्याने रस्त्यावर जाऊन सरदाराच्या पेट्या वाहायच्या. 1764 मध्ये नाकासेंदो रस्त्यावर ही सक्ती आणखी गावांवर लादायचं ठरलं, तेव्हा लाखाहून अधिक शेतकरी एदोच्या दिशेने चालून निघाले आणि सरकारला बेत मागे घ्यावा लागला. आज चित्रकार हिरोशिगेच्या 1830 च्या दशकातल्या चित्रमालिकेतून तोकाइदोची 53 ठाणी पाहताना पावसात वाकलेले हमाल सुंदर दिसतात. त्यांच्या पाठीवरचं ओझं सक्तीचं होतं हे चित्रात दिसत नाही. तरी एक फरक राहतोच. तिथे सक्ती गावावर होती, म्हणून गाव एकत्र उठू शकलं. इथे ती जातीवर होती, गावातल्या बाकीच्यांना तिचा काच नव्हता, उलट सोयच होती. मग उठायला गाव कुठून येणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते या बांधिलकीतून सुटायची वाट मिळावी म्हणून. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडलं. जपानची ठाणेपद्धत 1872 मध्ये बंद झाली होती.

आसऱ्याची बाब आणखी जुनी आहे आणि तिचा लेख दगडात कोरलेला आहे, सटाण्यापासून दोन-अडीच तासांवर, नाशिकच्या पांडवलेण्यांत. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत तिथे आपल्या दानांची यादी कोरली आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिक परिसर आणि सोपारा, इथे त्याने चौसोपी विश्रामगृहं बांधली. दमणगंगा, तापी, पार आणि आणखी काही नद्यांवर प्रवाशांना फुकट उतरवणाऱ्या नावा ठेवल्या. कोकणपट्टी, गुजरात आणि नाशिक यांना सांधणाऱ्या रस्त्याचा हा आराखडाच आहे. पण तो लिहिला आहे पुण्यकर्माच्या भाषेत. पुढेही हेच चालत आलं. विहिरी, धर्मशाळा, पाणपोया कुणी सावकाराने, कुणी संस्थानिकाने, कुणी मठाने बांधल्या. चांदवडला रंगमहाल बांधणाऱ्या होळकरांच्या अहिल्याबाईंचं नाव देशभरच्या धर्मशाळा-बारवांशी जोडलेलं आहे ते याच परंपरेत. दानावर चालणाऱ्या सोयीत एक मोठेपणा आहे, आणि एक कच्चा दुवाही. देणारा गेला, घराणं बुडालं, की विहिरीचा गाळ कोण काढणार हे ठरलेलं नसतं. सक्तीने चालणाऱ्या सोयीला माणुसकी कमी, पण वही असते.

यावर कुणी म्हणेल, की भारतातही सरकारी टपाल ठाणी होतीच. मुहम्मद तुघलकाच्या काळात इब्न बतूताने त्यांचं वर्णन केलं आहे, शेरशहाने दर दोन कोसांवर सराया बांधल्या असं त्याचा चरित्रकार सांगतो. हे बरोबर आहे. घुंगरांची काठी हातात घेऊन धावणारे तुघलकाचे हरकारे, मैलाच्या तिसऱ्या हिश्श्यावर दुसऱ्याच्या हाती थैली देत, ही गोष्ट इब्न बतूता कौतुकाने लिहितो. स्वतः तो 1340 च्या दशकात दौलताबादेहून नंदुरबारमार्गे खंबायतला गेला, म्हणजे बागलाणच्या उंबऱ्यावरूनच. पण ते हरकारे बादशहाची बातमी वाहत होते, प्रवाशाचं ओझं नाही, आणि दिल्लीचा हात आखडला की वाटही सुकली. शेरशहाच्या सराया उत्तरेत राहिल्या. तोकुगावांना अडीचशे वर्षं शांतता आणि एकच राजवट मिळाली. बागलाणला त्याच अडीच शतकांत बागुल, मोगल, मराठे, निजाम, पुन्हा मराठे आणि इंग्रज एवढे धनी बघावे लागले. म्हणून तुलना अन्यायाची आहे, असा आक्षेप घेता येतो. मला वाटतं ती अन्यायाची नाही, ती उपयोगाची आहे. धनी बदलत राहिले तरी वाट चालू राहिली, याचं कारण ती कुणा एका धन्याच्या वहीवर अवलंबून नव्हती. विखुरलेपणाने तिला टिकवलं. आणि त्याच विखुरलेपणामुळे ती आठवणीतून पुसली गेली.

पुसली गेली म्हणजे खूण उरली नाही असं नाही. मुल्हेरला कोजागिरीच्या रात्री उद्धव महाराजांच्या समाधी मंदिरात रासक्रीडा होते. केळीच्या पानांनी आणि फुलांनी सजवलेलं मोठं गोल चक्र मंडपात खांबावर चढवतात, आणि त्याखाली रात्रभर पदं चालतात, त्यांत व्रज आणि गुजराती वळणाचीही. सह्याद्रीच्या पोटातल्या गावात गुजरात-व्रजकडचा रास काय करतो, असा प्रश्न पडला तर उत्तर वाटेकडेच बोट दाखवतं. 1596 मध्ये याच मुल्हेरच्या दरबारात, तेव्हाच्या मयूरगिरीत, रुद्रकवीने बागुल घराण्यावर ‘राष्ट्रौढवंश’ हे संस्कृत महाकाव्य रचलं. डोंगरातलं राज्य कवी पोसत होतं, त्याला रस्त्यावरच्या उत्पन्नाचा हातभार असणारच.

वाट मेली ती मात्र एका शतकात. सुरत मागे पडली, मुंबई पुढे आली. माल सुरतेऐवजी मुंबईकडे वळला आणि मुंबई-आग्रा रस्ता मालेगाववरून गेला. 1865 मध्ये रेल्वे थळ घाट चढून वर आली आणि पुढे मनमाड हे नवं जंक्शन झालं, गंमत म्हणजे थेव्हनोच्या अंकाईच्या पायथ्याशी. 1900 पर्यंत तापी खोऱ्यातली रेल्वे सुरतेहून नवापूर-नंदुरबारमार्गे खानदेशात पोहोचली. एक रूळ दक्षिणेला, एक उत्तरेला, आणि मधलं बागलाण कोरडं. सटाण्याला आजही रेल्वे नाही. रस्त्याचं गाव असलेलं सटाणा तालुक्याच्या कचेरीचं गाव झालं. तिथल्या एका मामलेदाराला लोकांनी देव मानलं आणि देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा हीच गावाची मोठी ओळख बनली.

जपानमध्येही हेच झालं होतं. किसो खोऱ्यातलं त्सुमागो हे नाकासेंदोवरचं ठाणं 1911 मध्ये रेल्वे दुसऱ्या अंगाने गेल्यावर ओस पडलं. गाव गरीब झालं, म्हणून जुनी घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसा नव्हता, आणि म्हणून ती उरली. 1968 पासून ती जपायला सुरुवात झाली. 1971 मध्ये रहिवाशांनी आपसांत ठरवलं, घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. आज तिथे लोक मुद्दाम चालायला जातात. आपल्याकडे असं करायला आहेच काय, हा शेवटचा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. बागलाणात जपावी अशी एक सलग जुनी पेठ नाही. 2025 मध्ये साल्हेरचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूदृश्यांत आलं, ते योग्यच झालं, पण त्या नावात लष्कर आहे, रस्ता नाही. जपायला इथे घरांची रांग नसली तरी एक साखळी आहे: शेलबारीचा घाट, मुल्हेर, ताहाराबाद, सटाणा, नामपूरचा मोसमकाठ, उमराणे, अंकाईची खिंड. एका माणसाला चार-पाच दिवसांत चालता येईल अशी. ती नकाशावर एकत्र दाखवायला आणि दर टप्प्यावर एक पाटी लावायला कुणाचं घर ताब्यात घ्यावं लागत नाही. पाट्यांवर बागुलांचं नाव असावं, बंजाऱ्यांचं असावं, आणि शिवेवर ओझं उतरवून परत फिरणाऱ्याचंही असावं; ते नसेल तर साखळी लावूच नये.

सध्या विंचूर-प्रकाशा मार्गावरची सगळी अवजड वाहनं सटाण्याच्या मुख्य रस्त्यावरूनच जातात आणि वळणरस्त्याची मागणी जुनी आहे. तो झाला की शहराच्या आतला तुकडा पहिल्यांदाच मोकळा होईल. त्सुमागोला ती मोकळीक नको असताना मिळाली होती. सटाण्याला ती मागून मिळेल, आणि त्या तुकड्याचं काय करायचं, वाहनतळ की आणखी काही, हे नगरपरिषदेला तेव्हा ठरवावं लागेल.